अडखळ

केतकी मगदूमने आपल्या आईचा आवाज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तेव्हा मिरजेच्या ध्वनिसंग्रहालयात ती एकटीच होती. बाकीचे सगळे जेवायला गेले होते.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुशीला मगदूम हे नाव आता कुणाला आठवणार नाही, पण लग्नाच्या आगेमागे तिने दोन भावगीतं गायली होती आणि त्यांची एक छोटी तबकडी निघाली होती. घरात उरलेली एकुलती एक प्रत तडकलेली होती. पिन ठेवली की तड्यावर आपटून उडायची. केतकीचं कामच मुळी अशा तबकड्यांचं होतं. तिने सहकाऱ्यांबरोबर एक यंत्र बांधलं होतं. ते तबकडीला स्पर्श न करता मायक्रोस्कोपमधून तिच्या खाचेची हजारो छायाचित्रं घ्यायचं, ती एकापुढे एक जोडायचं आणि खाचेच्या वळणांवरून मूळचा आवाज पुन्हा तयार करायचं. फुटक्या, झिजलेल्या, बुरशी चढलेल्या कितीतरी तबकड्या या यंत्राने पुन्हा गायला लावल्या होत्या. आईची तबकडी मात्र केतकी सतत मागे टाकत आली होती. शेवटची दोन वर्षं आईला बोलताच येत नव्हतं. ते आठवायला नको, म्हणून.

त्या दुपारी तिने ती अखेर भिंगाखाली ठेवली.

नुसत्या डोळ्यांना तबकडीवर चकचकीत काळ्या रेघा दिसतात. भिंगाखाली तिथे डोंगराळ मुलूख उघडतो. दोन्ही बाजूंना काळी सपाट पठारं आणि त्यांच्यामधून गेलेली एक दरी. खरं तर केसाएवढी, पण पडद्यावर घाटातल्या रस्त्याइतकी रुंद. उजेड बाजूने सोडला की दरीची एक भिंत चांदीसारखी उजळते आणि दुसरी अंधारात बुडते. गाणं थांबलेलं असेल तिथे दरी सरळ जाते. तबल्याची थाप आली की तिला हिसका बसतो. गायिकेने 'स' म्हटला की भिंतींवर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक सुरकुत्या उमटतात. धुळीचा कण आत पडलेला असला तर रस्त्यावर दरड कोसळल्यासारखा दिसतो. केतकीला हा मुलूख पाठ होता. बघता बघता ती सांगू शकायची, इथे सारंगी आहे, इथे बाई श्वास घेतायत.

पहिल्या कडव्याच्या शेवटी आईने एक सूर लांब धरला होता. धरलेला सूर खाचेत फार देखणा दिसतो, सारख्या अंतरावर ओळीने वळत जाणाऱ्या लाटा. केतकी त्या लाटांवरून सावकाश सरकत होती आणि मध्येच थांबली. दोन लाटा एकमेकींच्या फार जवळ आल्या होत्या. पुढची मात्र ताणली गेली होती, पाऊल टाकायचं राहून गेल्यासारखी. मग पुन्हा सगळं सुरळीत. थोडं पुढे तसंच पुन्हा, दोन जवळ आणि एक लांब.

छायाचित्रं जोडताना काही चुकलं असेल, असं तिला वाटलं. तिने तोच भाग पुन्हा टिपला. फरक पडला नाही. नुसती सारंगी होती तो भाग तपासला. तिथे लाटा सरळ होत्या, म्हणजे यंत्राचा दोष नव्हता. तिने तो सूर हेडफोन लावून ऐकला. कानाला काहीच लागलं नाही. गोड, भरलेला, तरुण आवाज.

तिने पडद्यावर बोट ठेवून पुन्हा मोजलं. आजारपणात आई घरात अशीच चालायची. दोन पावलं घाईची, आणि तिसरं हवेतच अडलेलं. पण गाणं गायलं तेव्हा आई जेमतेम बावीस वर्षांची होती.

*

डॉ. नसीम सतारमेकर मेंदूच्या विकारांची डॉक्टर होती आणि केतकीची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या घराण्यात चार पिढ्या सतारी बनत आल्या होत्या, त्यामुळे सूर म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. तिने तो भाग पडद्यावर दोनदा पुढे-मागे सरकवून पाहिला.

"आपण सूर धरतो तेव्हा गळ्यातल्या स्वरतंतूंवरचा ताण सतत थोडा इकडेतिकडे होत असतो," ती शेवटी म्हणाली. "मेंदूचा मागचा भाग क्षणाक्षणाला तो दुरुस्त करतो. काकूंच्या आजारात तोच भाग हळूहळू विझत जातो. आधी बोलणं जड होतं, मग हात थरथरतात, मग चाल जाते. ही दुरुस्ती उशिरा पोचतेय, केतकी. अगदी किंचित. पण पोचतेय उशिरा."

"बाविसाव्या वर्षी?"

"आजार पन्नाशी-साठीत दिसतो, म्हणून आम्ही समजत होतो की तो तेव्हाच सुरू होतो. तरुणपणी या लोकांचे आवाज कुणी जपून ठेवले होते? फक्त गाणाऱ्यांचे राहिले. तुझ्या तबकड्यांत."

त्या दोघींनी मग शोध सुरू केला. याच आजाराने गेलेल्या गायक-गायिकांची नावं नसीमने जुन्या डॉक्टरांकडून मिळवली, आणि केतकीने त्यांच्या तबकड्या भिंगाखाली घातल्या. सगळ्यांच्या धरलेल्या सुरात ती अडखळ होती. जे धडधाकट म्हातारे होऊन गेले त्यांच्यात ती नव्हती. आजार जवळ आलेला असताना गायलेल्या तबकड्यांत अडखळी दाट होत्या, दर चार-सहा लाटांमागे एक. या आजाराचं जनुक तोवर कुणाला सापडलेलं नव्हतं, रक्त तपासून काही कळत नसे. कळत होतं ते एवढंच की आईला किंवा बापाला असेल, तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता अर्धी.

निबंध छापून आला त्या दिवशी केतकीचा थोरला भाऊ सन्मती तिच्याकडे आला. तो सांगलीत डोळ्यांचा सर्जन होता. मोतीबिंदूसाठी लांबलांबच्या गावांतून लोक त्याचं नाव ऐकून येत.

"छान काम केलंस," तो म्हणाला. त्याने चहा संपवला. उठताना म्हणाला, "केतू, मागच्या दिवाळीत तुमच्याकडे आवाज कोरून नवी तबकडी कापायचं यंत्र आलं, तेव्हा तू चाचणीला मला बोलायला लावलं होतंस. ती तबकडी आहे अजून?"

"आहे."

"ती बघू नकोस."

केतकीने 'बरं' म्हणून मान डोलावली. तिने आपल्या स्वतःच्या आवाजाचीही तबकडी अजून कापली नव्हती.

*

वर्षभरात ते त्या दोघींच्या हातात राहिलं नाही. एका कंपनीने ती पद्धत उचलली. यंत्राला अडखळ ओळखायला शिकवलं होतं ते तबकड्यांवर, म्हणून कंपनीनेही तबकडीच ठेवली, तळहाताएवढी. बाजारपेठेत, मंगल कार्यालयांबाहेर काचेच्या खोल्या उभ्या राहिल्या. आत जायचं, समोर लिहिलेलं वाक्य बोलायचं, एक सूर धरायचा. सुई तुमचा आवाज कापते, भिंग तो वाचतं, आणि बाहेर येते हिरव्या नाहीतर तांबड्या काठाची चकती. तिला नाव दिलं होतं स्वरपत्रिका.

लग्न जुळवताना जन्मपत्रिकेच्या शेजारी स्वरपत्रिका मागू लागले. ड्रायव्हरच्या भरतीला मागू लागले. वाटणीवरून भांडणारे भाऊ एकमेकांचे आवाज चोरून टिपायचे. आणि मग कुणीतरी शोधून काढलं की कुजबुजताना स्वरतंतू हलत नाहीत, त्यामुळे कुजबुजीत अडखळ सापडत नाही.

तेव्हापासून लोक कुजबुजायला लागले. आधी पोरी दाखवायच्या कार्यक्रमात, मग बँकेत, मग रस्त्यावर. सांगलीच्या भाजीबाजारात केतकी एका सकाळी गेली आणि दारातच थबकली. बाजार भरलेला होता, माणसं एकमेकांना खेटून चालत होती, आणि सगळीकडून नुसती सळसळ येत होती, कडब्यातून वारा गेल्यासारखी. कोथिंबीर विकणारी बाई बोटांनी भाव सांगत होती. जैन मंदिरातल्या भजनी मंडळाच्या बायका झांजा वाजवत होत्या आणि ओठ नुसते हलत होते. एका आईने मोठ्याने रडणाऱ्या लेकराच्या तोंडावर हात दाबला. ती गंमत नव्हती. ती बाई घाबरलेली होती.

केतकी भाजी न घेता परतली. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की रिक्षावाल्याला पत्ता तिनेही कुजबुजूनच सांगितला होता.

*

सन्मतीची मुलगी मैत्रेयी संग्रहालयात आली तेव्हा दुपारची वेळ होती आणि सगळे कामात होते. ती केतकीच्या खुर्चीशी येऊन वाकली.

"आत्या, बाहेर येतेस?"

दोघी मागच्या गुलमोहराखाली उभ्या राहिल्या. मैत्रेयीचं लग्न इचलकरंजीच्या एका घरात ठरत आलं होतं. मुलगा तिला आवडला होता.

"त्यांनी पत्रिका मागितलीय," ती कुजबुजली. "मुलगा म्हणाला, घरच्यांसाठी नुसती औपचारिकता. बाबांना सांगितलं तर ते जेवणावरून उठून गेले. मला त्या काचेच्या खोलीत जायचं नाही. तू कापशील माझी? तू बघ, आणि मला एकटीला सांग."

केतकी तिच्याकडे बघत राहिली. मुलीच्या खाचेत अडखळ दिसली, तर ती बापाकडूनच आलेली असणार. मैत्रेयीची चकती तांबडी निघाली की त्याच क्षणी सन्मतीचीही निघणार. त्याने नको म्हटलेलं त्याला शेजारपाजारच्यांकडून कळणार.

"मला दोन दिवस दे," ती म्हणाली.

मैत्रेयी गेल्यावर ती आत आली आणि कपाटातून चाचणीची तबकडी काढली. भावाला दिलेला शब्द मोडत तिने ती भिंगाखाली बसवली. तिने स्वतःला सांगितलं की आपण फक्त पोरीसाठी बघतोय. बहुधा काही नसेल. नसलं तर सगळ्यांनाच सुटल्यासारखं होईल.

पडद्यावर दरी उघडली. सन्मती त्या दिवशी खुशीत होता. यंत्रासमोर बसून त्याने चहा सांगितला होता, साखर कमी, आलं जास्त, आणि शेवटचा शब्द मुद्दाम लांबवून गवयासारखा धरला होता. सगळे हसले होते. केतकी त्या सुरावर आली.

दोन जवळ, एक लांब. दोन जवळ, एक लांब. अडखळी शोधाव्या लागत नव्हत्या. त्या दर चार लाटांमागे होत्या, दर तीन लाटांमागे होत्या. पन्नाशीच्या एका गायिकेच्या शेवटच्या तबकडीत एवढ्या दाट होत्या. त्यानंतर वर्षभरात तिच्या हातातून तंबोरा सुटला होता.

ही तबकडी निबंधाच्या आधीच्या दिवाळीतली होती, म्हणजे तिलाच वर्ष उलटून गेलं होतं. आणि सन्मती रोज माणसांच्या डोळ्यांत धारदार हत्यार घालत होता.

*

ती सांगलीला पोचली तेव्हा सन्मती शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर हिरव्या झग्यात उभा होता. बहिणीला बघून त्याने शेजारच्या नर्सला हाताने पुढे जायची खूण केली.

"दादा, आजच्या शस्त्रक्रिया तू करू नकोस."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "बघितलंस तू."

"हो."

"मी नको म्हटलं होतं." तोही कुजबुजूनच बोलत होता. किती महिने तो असाच बोलतोय, हे केतकीला आत्ता जाणवलं.

"दाट आहे, दादा. फार दाट आहे. तू कुणाच्या तरी डोळ्याला..."

"आत एक आजोबा टेबलावर आहेत. डोळा बधिर करून झालाय. त्यांना तिथे ठेवून आपण इथे भांडत बसायचं का?"

"दुसऱ्या कुणाला सांग."

तो वळून आत गेला. दार आपोआप मिटलं.

केतकी बाकावर बसली. तिच्या शेजारी त्या आजोबांची बायको होती, तासगावकडची, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती मात्र पूर्ण आवाजात बोलत होती.

"डॉक्टरांची तुम्ही कोण?"

"बहीण."

"लई हलका हात हाय म्हणत्यात त्यांचा. आमच्या गावातल्या समद्यांचे डोळे त्यांनीच केलं. ह्यांचा एक डोळा आधीच गेलाय, ह्यो एकच हाय. म्हनून म्हनलं, दुसऱ्या कुनाकडं न्यायचं न्हाई."

केतकीला त्या बाईकडे बघवेना. उठून दार ढकलावं, आरडाओरडा करावा, असं तिला वाटत होतं, पण ती बसूनच राहिली. आत तिचा भाऊ होता. त्याच्याशी आईनंतर तिचं सगळ्यात जवळचं नातं होतं. आणि आत एका माणसाचा एकुलता एक डोळा होता. तिने झग्यातल्या सन्मतीचा हात आठवून पाहिला. थरथरत होता का? तिने पाहिलाच नव्हता. ती त्याच्या तोंडाकडेच बघत राहिली होती.

दार उघडलं. सन्मती बाहेर आला, पाठोपाठ त्याची तरुण सहकारी डॉ. विभावरी. तिने म्हातारीला हाताला धरून बाजूला नेलं आणि सांगितलं की सगळं व्यवस्थित झालं, उद्या पट्टी काढू. म्हातारीने जागच्या जागी हात जोडले.

सन्मती बहिणीशेजारी बसला. हातमोजे काढायला त्याला बराच वेळ लागला.

"विभावरीने केली," तो म्हणाला. "डोळ्यातल्या भिंगावर एक पातळ पापुद्रा असतो, कांद्याच्या सालीहून पातळ. तो चिमट्याने गोल फाडायचा असतो. मीही मायक्रोस्कोपमधूनच बघतो, केतू. तुला खाच दिसते तशी मला माझ्या चिमट्याची टोकं दिसतात. उन्हाळ्यात पहिल्यांदा ती हलताना दिसली. मला वाटलं, थकवा. तेव्हापासून मी सगळी तयारी करतो आणि त्या एका ठिकाणी चिमटा विभावरीच्या हातात देतो. ती काही विचारत नाही."

"मग आज मी सांगितल्यावरही आत का गेलास?"

"तू चुकली असशील असं वाटलं." त्याने हातमोजे बाकावर ठेवले. "चिमटा डोळ्याच्या वर धरला, आत घातला नाही. नुसता धरून बघितला. आणि तिच्याकडे दिला."

केतकीने त्याचा हात धरला. मनगटाशी आत कुठेतरी एक बारीक थरथर होती. चिमणी मुठीत धरल्यावर लागते तशी.

"मी घाबरलोय," तो म्हणाला. "आईचं सगळं मी बघितलंय. तूही बघितलंयस."

*

संध्याकाळच्या जेवणाआधी त्यांनी घरात सांगितलं. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरजोरात घासू लागली. मैत्रेयी बापासमोर बसून राहिली.

"म्हणजे माझ्यातही असेल," ती म्हणाली.

"असेल किंवा नसेल," केतकी म्हणाली. "तुला हवं असेल तर मी बघेन. नको असेल तर कधीच बघणार नाही."

मैत्रेयीने दोन दिवस विचार केला आणि मग इचलकरंजीला फोन करून सांगितलं की वडिलांना हा आजार आहे, आणि आपण पत्रिका काढणार नाही. मुलाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, घरी विचारून कळवतो. त्याने कळवलं नाही. मैत्रेयी पुष्कळ रडली, पण काचेच्या खोलीकडे गेली नाही. सन्मतीने शस्त्रक्रिया थांबवल्या. तो विभावरीच्या मागे उभा राहून तिला शिकवू लागला.

एका रविवारी तो मैत्रेयीला घेऊन संग्रहालयात आला.

"तुझी तबकडी काप," तो केतकीला म्हणाला.

"आज नको."

"किती दिवस कुजबुजणार आहेस? मला कळायला हवं, केतू. माझ्यासाठी. तू सुटली असशील तर मला तेवढं कळू दे."

केतकी यंत्रासमोर बसली. तबकडी फिरू लागली आणि तिच्या घशातून आवाजच निघेना. महिनोन्महिने दाबून ठेवल्याने तो गंजल्यासारखा झाला होता. काय बोलावं तेही सुचेना. शेवटी तिने डोळे मिटले आणि शाळेतले पाढे म्हणायला सुरुवात केली, आणि तेराच्या पाढ्याशी थांबून एक सूर धरला, बेसूर, कापरा, श्वास संपेपर्यंत.

मग तिने भिंगाखाली पाहिलं. सन्मती आणि मैत्रेयी तिच्या पाठीशी उभे होते. लाटा कमीजास्त उंच होत्या, भीतीने कापलेल्या होत्या, पण त्यांची अंतरं सारखी होती. ती टोकापासून टोकापर्यंत सरकत गेली आणि परत आली. कुठेही पाऊल चुकलं नव्हतं.

आपल्याला अडखळ असेल, ही भीती तिने इतके दिवस उरावर बाळगली होती. नसेल, या शक्यतेचा तिने विचारच केला नव्हता. आता तेच समोर होतं आणि तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. जे आईच्या बाबतीत पाहिलं, ते आपल्याला उभं राहून पुन्हा एकदा सगळं पाहावं लागणार, हे तिला कळलं. मागे वळून भावाकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

"स्वच्छ आहे ना?" त्याने विचारलं.

तिने होकाराची मान डोलावली. सन्मती मोठ्याने हसला. त्याचं मोकळं हसणं कित्येक महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. मग त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले.

"ऊठ," तो म्हणाला. "आता मी बसतो."

"तुझी बघून झालीय, दादा."

"बघायची नाहीच आहे. नुसती काप. आणि ती संपली की दुसरी लाव. मला पुष्कळ बोलायचंय, आणि मोठ्याने बोलायचंय. नंतर तुम्हाला ऐकायला हवं."

केतकीने कोरी तबकडी चढवली. सुई टेकली आणि तिच्या मागून तबकडीच्या कोरलेल्या थराचा काळा, केसासारखा धागा निघून गुंडाळत जाऊ लागला. सन्मती खुर्चीत नीट बसला. पूर्ण आवाजात त्याने आपलं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, लहानपणी कृष्णेच्या पुरात घराचा उंबरा बुडाला होता ते सांगितलं. मग तो मुलीकडे वळला.

"आणि ही माझी मैतेयी," तो म्हणाला.

तिघांनीही ते ऐकलं. निसटलेला 'र' कळायला भिंगाची गरज पडली नाही. मैत्रेयीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. केतकीचा हात यंत्र बंद करायला पुढे गेला, आणि सन्मतीने तो आपल्या थरथरत्या हाताने अडवला. तबकडी फिरत राहिली. त्याने ओठ मिटले, पुन्हा उघडले.

"मैत्रेयी," तो सावकाश, मोठ्याने म्हणाला, एकेक अक्षर जागेवर ठेवत. "ही जन्मली त्या दिवशी मी पहिल्यांदा एका माणसाची दृष्टी परत आणली होती. दवाखान्यातून धावतच हिला बघायला गेलो. झगासुद्धा काढला नव्हता."